पडदा ओढायला कॉलेज कशाला?

ठाणे जिल्ह्यात मानपाडे दोन आहेत. एक डोंबिवलीचे आणि दुसरे ठाण्याचे, घोडबंदर रस्त्यावरचे. नवखा माणूस हमखास चुकतो. मी ठाण्याच्या मानपाड्यात राहतो. इथे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. डोंबिवलीकरांना सावित्रीबाई फुले कलामंदिर आहे, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर आहे आणि ठाणे शहरात १९७८ पासून गडकरी रंगायतन उभे आहे. म्हणजे तासा-दीड तासाच्या अंतरात चार मोठी नाट्यगृहे. पडदा उघडला की समोर कोण दिसते हे आपल्याला ठाऊक असते. तो पडदा कोण उघडतो, हे मात्र आपण विचारत नाही.

आमच्या शेजारी एक वायरमन राहतात. त्यांचा मुलगा बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेली दोन वर्षे तो एका लाइटवाल्याबरोबर नाटकांच्या प्रयोगांना जातो. दिवे उचलतो, टांगतो, केबल गुंडाळतो आणि रात्री एक वाजता घरी येतो. त्याने घरी सांगितले, "मला हेच शिकायचंय, रीतसर." वडील माझ्याकडे आले. मी कविता लिहितो आणि नाटकवाल्यांत ऊठबस करतो, म्हणून ते मला कौतुकाने आणि थोड्या चेष्टेने कविराज म्हणतात. म्हणाले, "कविराज, तुम्हीच सांगा. पडदा ओढायला आणि दिवे लावायला कॉलेज लागतं का? दिवे तर मीही लावतो. आणि हा शिकत बसला तर तीन वर्षं खाणार काय?"

प्रश्न एक नव्हता, दोन होते. हे शिकण्याजोगे आहे का, हा पहिला. शिकताना पोट कसे भरायचे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. दुसऱ्याचे उत्तर दिल्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नसतो. म्हणून आज दोन्हींविषयी बोलतो.

आधी दिव्यांचेच पाहू. रंगमंचावर एक हजार वॅटचे दहा दिवे लावायचे म्हटले तर दहा किलोवॅटचा भार होतो. २३० व्होल्टवर हा प्रवाह सुमारे ४३ अँपिअर भरतो. आपल्या घरातला गिझरचा मोठा पॉइंट पंधरा-सोळा अँपिअरचा असतो. म्हणजे त्यावर असे तीनच दिवे चालतील. चौथा लावला की फ्यूज तरी जाईल किंवा वायर तरी तापेल. इथपर्यंत आमचे वायरमन शेजारी मला शिकवतील. पण पुढचा प्रश्न नाटकाचा आहे. नायिकेने हिरवी साडी नेसली आहे आणि दिग्दर्शकाला प्रसंग तापलेला दाखवायचा आहे, म्हणून गडद लाल प्रकाश टाकला. तर ती हिरवी साडी काळपट दिसते. हिरवा रंग लाल प्रकाश परत फेकत नाही, एवढेच त्याचे कारण. ते ठाऊक नसेल तर वेशभूषाकार आणि प्रकाशयोजनाकार एकमेकांना दोष देत बसतात. आता एलईडी दिवे आले आहेत. त्यांना वीज कमी लागते आणि पुढे रंगीत जिलेटीन न लावता रंग बदलता येतो. १९८६ साली ठरलेल्या डीएमएक्स या पद्धतीत एका केबलवरून ५१२ वेगवेगळ्या सूचना धाडता येतात. म्हणजे पूर्वी एकेका दिव्याची मूठ हाताने फिरवणाऱ्या माणसाला आता संगणकाची भाषाही यावी लागते. पण कोणत्या वाक्यावर उजेड कमी करायचा आणि तो दोन सेकंदांत करायचा की दहा, हे संगणक सांगत नाही. त्यासाठी नाटक वाचता यावे लागते.

तापस सेन या बंगाली प्रकाशयोजनाकाराचे उदाहरण नाटकवाले नेहमी देतात. १९५९ साली उत्पल दत्त यांनी कोलकात्यात 'अंगार' नाटक केले. त्यात कोळशाच्या खाणीत पाणी शिरते आणि मजूर बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. पाणी चढते आहे हा भास तापस सेन यांनी प्रकाशातून उभा केला. याला नुसते दिवे लावणे म्हणता येत नाही. नाटकाचा शेवटच तो माणूस उजेडाने लिहीत होता.

पडद्यामागच्या कामाचे हात असे अनेक आहेत. नेपथ्य, प्रकाश, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा आणि या सगळ्यांना एका दोरीत ओवणारी रंगमंच व्यवस्था. 'नेपथ्य' या शब्दाचीही एक गंमत आहे. मराठीत आपण त्याचा अर्थ रंगमंचावरची घर-दार-खिडकीची मांडणी असा घेतो. संस्कृतात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची जागा, जिथे नट वेश करतात. जे लपलेले होते, त्याचेच नाव पुढे दिसणाऱ्या गोष्टीला मिळाले. भरताच्या नाट्यशास्त्रात तर वेश, रंग, अलंकार आणि रंगमंचावरच्या वस्तू यांना आहार्य म्हणून अभिनयाच्या चार प्रकारांत जागा दिलेली आहे. म्हणजे आपल्या परंपरेने या कामाला हमाली मानले नव्हते. ते आपण नंतर मानू लागलो.

मराठी रंगभूमीचा इतिहास पडद्यामागून पाहिला तर वेगळाच दिसतो. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू सिनेमाकडे वळण्याआधी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत होते. आपल्या चित्रपटाची एक मोठी वाट नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यातून निघाली आहे. १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले, तेव्हा रंगवलेल्या पडद्यांच्या जागी दिवाणखान्याची खरीखुरी मांडणी आली. घर बदलले तसे त्या घरातले बोलणेही बदलले. १९६२ साली 'तो मी नव्हेच' आले ते फिरत्या रंगमंचासह. कोर्टातून एकदम दुसऱ्या गावी, दुसऱ्या वेशातल्या लखोबाकडे जायचे, तर मध्ये पडदा पाडून वेळ काढणे परवडणारे नव्हते. आणि १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये तर माणसांची रांगच पडदा झाली. प्रत्येक वेळी नाटककाराच्या कल्पनेला कुणीतरी लाकूड, कापड, दोरी आणि माणसे यांच्या हिशेबात बसवले. दामू केंकरे, रघुवीर तळाशिलकर, बाबा पार्सेकर, प्रदीप मुळ्ये ही नावे नेपथ्यासाठी आणि कृष्णा बोरकर हे नाव रंगभूषेसाठी जाणकारांच्या तोंडी असते. पण तिकीट काढताना ही नावे पाहणारे प्रेक्षक किती?

मी स्वतः १९९० च्या सुमारास कॉलेजच्या एकांकिकेत पडद्यावर होतो. म्हणजे पडदा ओढणारा. पडद्याला संस्कृतात यवनिका म्हणतात. त्याचा यवनांशी, म्हणजे ग्रीकांशी, खरोखर संबंध आहे की नाही, यावर पंडितांचा वाद आहे. आमच्या मित्रांनी मात्र तो वाद एका मिनिटात मिटवला. "यवनिका तुझ्याच घरची, तूच सांभाळ," म्हणाले आणि दोरी माझ्या हातात दिली.

त्या एकांकिकेत एका मुलाला म्हाताऱ्याचा तरुण व्हायचे होते. माझे अब्बा शिंपीकाम करत. कपडे त्यांनी शिवून द्यावेत असे ठरले. मी त्यांना गोष्ट सांगू लागलो, पात्राचा स्वभाव समजावू लागलो. त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "कपडे बदलायला वेळ किती?" मी म्हणालो, "अर्धा मिनिट." त्यांनी अंगरख्याची बटणे खोटी लावली, आतून चिकटपट्टी शिवली आणि एका झटक्यात निघेल असा अंगरखा दिला. अब्बा आयुष्यात कधी रंगमंचामागे गेले नव्हते. पण जो प्रश्न वेशभूषाकाराने आधी विचारायला हवा, तोच त्यांनी विचारला. ज्ञान त्यांच्या हातात होते. त्याला कागद नव्हता, एवढेच.

त्याच एकांकिकेतली दुसरी आठवण इतकी गोड नाही. प्रवेश संपला, अंधार झाला. माझा एक मित्र खुर्ची उचलायला आत धावला आणि एका फ्लॅटवर आदळला. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड, त्याचीच आम्ही भिंत केली होती. तो फ्लॅट मागून तिरक्या दांडीने टेकवायचा असतो आणि दांडीच्या पायावर वजन ठेवायचे असते. आम्ही वजन ठेवले नव्हते. ठेवायचे असते, हेच कुणाला ठाऊक नव्हते. फ्लॅट त्याच्या अंगावर पडला, हात मोडला. मी दोरी धरून अंधारात उभा होतो आणि त्याचा आवाज ऐकत होतो. प्रेक्षकांना वाटले, हेही नाटकातच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मित्र पुन्हा कधी नाटकाकडे फिरकला नाही.

वजनाची एक पिशवी आणि जमिनीवर अंधारात दिसेल अशी एक पट्टी, एवढ्यात ते टळले असते. ही दोन वाक्ये शिकवायला कितीसा वेळ लागतो? पण ती शिकवणारा कुणीतरी असावा लागतो. शेजाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे. पडदा ओढायला कॉलेज लागत नाही. पडदा केव्हा ओढू नये, हे कळायला लागते.

आजवर हे शिक्षण उस्तादाच्या हाताखालीच झाले. मोठ्या रंगभूषाकाराचा डबा उचलायचा, पाच-सात वर्षे पाहत राहायचे आणि एक दिवस तो म्हणायचा, "आज तू कर." या पद्धतीत मोठी माणसे घडली, हे नाकारता येत नाही. पण तिला एक दार होते आणि ते सगळ्यांना उघडे नव्हते. ज्याचे वडील किंवा मामा त्या धंद्यात, त्याला आत प्रवेश. किंवा पाच वर्षे जवळजवळ फुकट राबणे ज्याच्या घराला परवडते, त्याला. मुलींचे तर विचारूच नका. रात्री एक वाजता ट्रकबरोबर परत येणाऱ्या कामाला कोणते घर मुलीला पाठवणार? कॉलेजने हे दार थोडे रुंद केले. आणि ज्या कॉलेजने दारात शिष्यवृत्ती ठेवली, तिथे ते खरोखर उघडले.

याचे मोठे उदाहरण म्हणजे दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय. संगीत नाटक अकादमीने ते १९५९ साली सुरू केले, १९७५ साली ते स्वायत्त झाले. १९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे इब्राहिम अल्काझी त्याचे संचालक होते. हा माणूस जन्माने पुण्याचा. वडील अरब व्यापारी, शिक्षण पुण्या-मुंबईत आणि नंतर लंडनमध्ये. मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी 'मेघदूत' नावाचे नाट्यगृह थाटले होते. दिल्लीत विद्यालयाच्या आवारात वडाच्या झाडाखाली त्याच नावाचा खुला रंगमंच उभा केला. १९६३ साली फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या वास्तूत त्यांनी 'अंधा युग' सादर केले, तेव्हा ते अवशेषच नाटकाचे नेपथ्य झाले. त्यांच्या पत्नी रोशन अल्काझी वेशभूषेच्या जाणकार. प्राचीन भारतीय वेशभूषेवर त्यांनी पुस्तकही लिहिले. मंचावर उभे राहणाऱ्याला मंच कसा बांधतात हे कळलेच पाहिजे, ही त्या शाळेची शिस्त.

आजही तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. अभिनयाबरोबरच नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा अशा रंगतंत्राचे आणि दिग्दर्शनाचे शिक्षण मिळते. प्रवेशासाठी कोणत्याही शाखेची पदवी लागते आणि काही नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. ही संख्या साधारण सहा नाटकांची असते. निवडलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. २०१० च्या दशकात ती महिना ८,००० रुपये होती. त्या पैशात चैन होत नाही, पण वसतिगृह आणि जेवण भागते. घरी पत्र पाठवून पैसे मागावे लागत नाहीत. जागा मात्र थोड्या. साऱ्या देशातून तीसएक मुले घेतली जातात.

महाराष्ट्रातही वाटा आहेत. पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे नाटकात बीए आणि एमए करता येते. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आणि आपल्या ठाणेकरांना लोकलने जाता येईल अशी जागा म्हणजे मुंबई विद्यापीठाची कालिन्यातली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स. २००३ साली वामन केंद्रे यांच्या नेतृत्वाखाली ती सुरू झाली. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. विद्यापीठात प्रवेश मिळाला की सामाजिक प्रवर्ग आणि घरचे उत्पन्न यांच्या अटींवर शासनाच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. आपला अभ्यासक्रम त्या यादीत आहे ना, हे फी भरण्याआधी कार्यालयात विचारून घ्यावे. नंतर धावाधाव करण्यात अर्थ नसतो.

याखेरीज केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. वय १८ ते २५, दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. देशभरात चारशे. नाटक या सदरात अभिनय, दिग्दर्शन आणि रंगभूमीची इतर अंगे येतात. नाट्यलेखन येत नाही. कवी म्हणून मला थोडे वाईट वाटते, पण ते असो. या योजनेच्या दोन गोष्टी मात्र आमच्या शेजाऱ्यांसारख्या माणसाने नीट समजून घ्याव्यात. एक, पैसे सहामाही हप्त्यांत मिळतात आणि घरभाडे दर महिन्याला द्यावे लागते. मधले महिने कसे काढायचे, याची तजवीज आधी हवी. दुसरी, आधी पाच वर्षे गुरूकडे किंवा संस्थेत शिकल्याचा दाखला मागतात. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलाकडे तो असतो. दोरी ओढणाऱ्याला, दिवे टांगणाऱ्याला तो कोण देणार? पुन्हा अब्बांचीच गोष्ट. ज्ञान हातात आणि कागद नाही.

म्हणून त्या मुलाला मी एक वही करायला सांगितली. प्रत्येक प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, नाटक, आपण काय काम केले, काय चुकले. शक्य असेल तिथे दिग्दर्शकाची किंवा व्यवस्थापकाची सही. दिव्यांचा आराखडा कागदावर काढून ठेवायचा, फोटो चिकटवायचे. मुलाखतीत पुस्तकी उत्तरांपेक्षा अशी वही जास्त बोलते. शिवाय राज्य नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना स्वतंत्र बक्षिसे असतात. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांत कॉलेजची मुलेच सारे काम करतात. तिथे केलेले काम कागदावर येते.

शिकून झाल्यावर काय, हाही प्रश्न आहे आणि त्याचे गोड उत्तर देणे मला पटत नाही. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसाला प्रयोगागणिक पैसे मिळतात. त्याला 'नाइट' म्हणतात. प्रयोग नाही तर नाइट नाही. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहे बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या प्रेक्षकांवर उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. त्या काळात ज्याच्या हातात फक्त दोरी होती, त्याच्या घरी चूल कशी पेटली हे त्यालाच ठाऊक. शिक्षणाने हे संकट टळले असते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला आराखडा काढता येतो, विजेचा हिशेब येतो, संगणकावर प्रकाशयोजना बसवता येते, त्याला नाटक बंद असताना मालिका, प्रदर्शने, संग्रहालये, शाळा अशी दुसरी दारे ठोठावता येतात. दोर ओढणाऱ्याला एकच दार असते.

शिष्यवृत्तीला आपण मदत म्हणतो आणि देणारा दाता, घेणारा गरजू अशी वाटणी करतो. मला ते नीटसे पटत नाही. शिकाऊ मुलगा नाट्यविद्यालयात रात्र-रात्र जागून सेट उभारतो, ते कामच असते. पूर्वी हेच काम तो उस्तादाकडे फुकट करत होता आणि त्याचे घर उपाशी राहून त्याची किंमत मोजत होते. शिष्यवृत्तीने ती किंमत घरावरून उचलली आणि समाजावर घेतली. नाटक पाहतो तो समाजच, तेव्हा हिशेब चुकलेला नाही.

हे सारे मी शेजाऱ्यांना एका रविवारी सांगितले. मुलगा दाराशी उभा राहून ऐकत होता. वही त्याने केली आहे, दिल्लीचा आणि कालिन्याचा असे दोन्ही अर्ज तो भरणार आहे. प्रवेश मिळेल की नाही, हे मला सांगता येत नाही. जागा थोड्या आहेत आणि त्याच्यासारखी मुले पुष्कळ. वडील बराच वेळ गप्प होते. मला वाटले, ते पुन्हा पडदा ओढण्यावर येतील. त्यांनी विचारले, "कविराज, दिल्लीवाले पैसे दर महिन्याला देतात म्हणालात ना? की सहा महिन्यांनी?"

मी म्हणालो, "दर महिन्याला."

"मग अर्ज कधी निघतो?" ते म्हणाले.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)